मान हलवलेली दिसत नाही

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र परवा मिळालं. आजवर मी तुम्हाला एकही पत्र लिहिलेलं नाही. जी लिहिली ती सगळी दादाला, आणि खाली एक ओळ: वहिनींना नमस्कार सांग. तो सांगायचा की नाही हेही मी कधी विचारलं नाही. त्यामुळे वरचं 'प्रिय' लिहायला मला बराच वेळ लागला. आधीच्या दोन कागदांवर नुसतंच 'वहिनी' होतं, पण ते हाक मारून गप्प बसल्यासारखं दिसत होतं. तुम्ही लिहिलंय की महिनाअखेरीला तुम्ही बहिणीकडे कायमच्या राहायला जाताय, दुकान आणि घर दोन्हीला कुलूप लावणार आहात, तेव्हा माझ्या खोलीतलं सामान मी येऊन घेऊन जावं. त्याखाली आणखी एक वाक्य आहे. त्याचं उत्तर एका ओळीत देता येईल, पण ती ओळ एकटीच पाठवली तर तुम्हाला वाटेल की भिडेखातर लिहिली. म्हणून आधी थोडं दुसरं लिहितो. ते बरंच लांबेल असं दिसतंय.

तुम्ही घरात आलात तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आई-बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. दादाचं चष्म्याचं दुकान पुढे आणि आम्ही दोघं मागे, अशी ती चार वर्षं गेली. दोन पुरुषांचं घर म्हणजे दुकानाचंच मागचं गोदाम झालं होतं. आल्याच्या आठवड्यात तुम्ही पदर खोचून माळा उपसायला काढलात. तुम्ही वर, मी खाली स्टुलावर. तुम्ही एकेक वस्तू खाली सोडायचात आणि विचारायचात, "धरलं का?" मी मान हलवायचो. पाच-सहा डबे तसेच उतरले, कारण ते हलके होते आणि पडले असते तरी कळलं नसतं. मग साखरेची मोठी काचेची बरणी आली. तुम्ही विचारलंत, "धरलं का?" मी मान हलवली. तुम्हाला ती दिसली नाही, पण डबे तर नीट उतरले होते, म्हणून तुम्ही सोडलीत. मी एका हाताने धरली होती, दुसरा हात अजून स्टुलाच्या कडेला होता. दुकानातून दादा ओरडला, "काय फुटलं गं?" तुम्ही माळ्यावरूनच म्हणालात, "काही नाही, तुमच्या भावानं मान हलवली!"

पुढे महिनाभर घरात मुंग्या होत्या. तुम्ही मला रागावला नाहीत. काचा गोळा करून झाल्यावर एवढंच म्हणालात, "हे बघ, मान हलवलेली वरून दिसत नाही. तोंडानं बोलायचं. धरलं म्हटल्याशिवाय मी यापुढे सोडणार नाही, मग हात तुटला तरी चालेल." आणि वर म्हणालात, "आणि मला अहो-जाहो करू नकोस, मी काय तुझी परीक्षा घ्यायला आलेय?" यातली पहिली गोष्ट मी शिकलो. दुसरी काही जमली नाही. तेव्हापासून आपल्या घरात गरम पातेलं असो, शिडी असो नाही तर दुकानातला काचांचा ट्रे, देणारा विचारणार "धरलं का" आणि घेणारा म्हणणार "धरलं". दादा तर गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा देतानाही विचारायचा. लोक गोंधळून "हो, धरला" म्हणायचे.

माझ्या कामाबद्दल मी तुम्हाला कधी सरळ सांगितलं नाही. एकदा फोनवर मागून तुमचा आवाज आला होता. तुम्ही दादाला विचारत होतात, "तो करतो तरी काय नक्की? खांब मोजतो?" दादा म्हणाला, "खांबांना एकमेकांशी बोलायला शिकवतो." त्यावर तुम्ही म्हणालात, "आधी स्वतः शिकला असता तर!" मला ते ऐकू आलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ते सगळ्यांना सांगितलं. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, एवढ्या हसल्या की त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं. पुढची दोन वर्षं कोणी पुसलं नाही.

तर काम असं आहे. इथे नदी समुद्राला मिळते तिथे धुकं फार. त्या धुक्यातून मोठी जहाजं येतात आणि त्यांच्याच वाटेवर लहान होड्याही असतात. काठाने आणि पाण्यातल्या खडकांवर मिळून आमचे बावीस खांब आहेत. प्रत्येकावर एक पेटी. काही पेट्या ऐकतात: इंजिनाचा आवाज कुठल्या दिशेने येतोय ते त्यांना कळतं, पण किती लांबून ते कळत नाही. काहींवर लहान रडार आहे: त्याला अंतर कळतं, पण होडी आणि वाहत आलेला ओंडका यांतला फरक कळत नाही. काहींवर कॅमेरा आहे: त्याला होडी ओळखता येते, पण धुकं आलं की तो आंधळा. एकट्याला कोणालाच पुरतं कळत नाही. मी लहान असताना दादानं मला एक डोळा झाकून सुईत दोरा ओवायला लावला होता. जमेना, तेव्हा म्हणाला, "एका डोळ्याला सुई कुठे आहे ते दिसतं. किती लांब आहे ते शेजारच्याला विचारावं लागतं." आमचं सगळं काम या वाक्यात बसतं. शिवाय खांब बॅटरीवर चालतात, म्हणून सगळ्यांनी सतत जागं राहायचं नाही. होडी ज्याच्यासमोर असेल त्यानं तिच्यावर लक्ष ठेवायचं, ती पुढे सरकली की पुढच्या खांबाला उठवायचं, होडी त्याच्या हवाली करायची आणि आपण झोपायचं. कोणी कधी जागायचं, कुठे पाहायचं, कोणाला उठवायचं, हे नियम लिहिणं माझ्याकडे.

पाचव्या वर्षी एका सकाळी दाट धुकं होतं. इथे एक म्हातारा कोळी आहे. लांब पायांचा, पाण्यात तासन्‌तास उभा राहणारा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणतात. त्याची होडी दहाव्या खांबासमोरून पुढे सरकली. दहाव्यानं नियमाप्रमाणे अकराव्याला कळवलं, 'ही होडी आता तुझी', आणि तो झोपला. अकराव्याच्या बॅटरीची केबल थोड्याच वेळापूर्वी तुटली होती. आपण ठीक आहोत हे तो तासातून एकदा कळवायचा, तसं त्यानं कळवून झालं होतं, म्हणून तो मेला आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. बारावा झोपलेला, कारण त्याला उठवायचं काम अकराव्याचं. आमच्या पडद्यावर दिसत होतं: होडी दिली. दिली ते खरंच होतं. घेतली कोणीच नव्हती. चाळीस मिनिटं ती होडी कोणाचीच नव्हती, आणि जहाजांच्या वाटेत तिचं इंजिन बंद पडलं होतं. एक जहाज तिच्या अगदी जवळून गेलं. त्याच्या लाटेनं ती वाळूच्या दांड्यावर फेकली गेली आणि म्हातारा वाचला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो घोंगडी पांघरून बसला होता. मी खांब, केबल वगैरे समजावून सांगू लागलो. सगळं ऐकून तो म्हणाला, "दोन घरचा पाहुणा उपाशी, एवढी म्हण तुमच्या यंत्रांनी ऐकली नाही का रे?"

तो नियम मी लिहिला होता. 'दिलं की सोडायचं.' चार वर्षं तो नीट चालला होता, त्या हलक्या डब्यांसारखा. मी खोलीवर परत आलो, कॉटवर बसलो आणि मला मुंग्या आठवल्या. खरंच, आधी मुंग्या आठवल्या, मग साखर, मग तुमचा माळ्यावरचा आवाज. दुसऱ्या दिवशी मी नियम बदलला. देणाऱ्यानं विचारायचं. घेणाऱ्यानं उलट कळवायचं. ते उत्तर आल्याशिवाय देणाऱ्यानं होडीवरची नजर काढायची नाही आणि झोपायचंही नाही, मग बॅटरी संपली तरी चालेल. त्या उत्तराला यंत्रात काहीतरी नाव द्यावं लागतं. मी 'धरलं' असं दिलं. आता बावीस खांब दिवसाकाठी शेकडो वेळा एकमेकांना 'धरलं' म्हणतात. मोठ्या बाईंनी विचारलं, हे कुठून सुचलं? मी म्हणालो, घरून. त्यांना वाटलं मी घरी बसून विचार केला. खरं काय ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि तुम्हालाही नाही. बारा वर्षं झाली. बगळ्यानंतर एकही होडी आमच्या हातून सुटलेली नाही. या कामासाठी माझं जे काही कौतुक झालं, त्यातलं निम्म्याहून जास्त तुमचं आहे आणि ते मी इतके दिवस स्वतःजवळ ठेवलं.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट लक्षात आली. दहावा आणि बारावा एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. सगळं अकराव्यामार्फत. अकरावा चांगला होता, उंचावर होता, दोघांनाही त्याचा आवाज नीट ऐकू यायचा, म्हणून कोणाला गरजच वाटली नाही. मग आम्ही दोघांना थेट बोलायला लावलं. अंतर जास्त असल्यामुळे आवाज बारीक येतो, कधी तीन-तीनदा हाक मारावी लागते, पण पोचते. मी हे केलं, त्यावर अहवाल लिहिला आणि आपल्या घरात काय चाललंय हे मला दिसलं नाही. तुम्ही मागून म्हणायचात, "विचारा, जेवला का," आणि दादा मला विचारायचा, "वहिनी विचारतेय, जेवलास का." मी म्हणायचो, "सांग, जेवलो." तुम्हाला ते ऐकू आलेलं असायचं, तरी दादा तुम्हाला सांगायचा, "जेवला म्हणतो." इतकी वर्षं आपण दोघं असे बोललो. कोणी नातं विचारलं तर मी 'वहिनी' म्हणायचो, आणि मनात त्या शब्दाचा अर्थ 'दादाची' एवढाच असायचा.

मग दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. ते चौदा महिने तुम्ही कसे काढलेत ते मी दुरून पाहिलं. महिन्यातून दोन दिवस येऊन औषधांचे कागद वाचणं याला मदत म्हणत नाहीत, हे मला कळतं. पण रोज संध्याकाळी सातचा फोन चुकला नाही, तो तुमच्यामुळे. तुम्हीच ती युक्ती काढलीत, फोन त्याच्या कानाशी धरायचा आणि त्यानं नखानं टिचकी मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे पुरे कर आता, झोप येतेय. घरातला बोलका माणूस गप्प झाला आणि मुखदुर्बळ माणसाला वीस-वीस मिनिटं बोलावं लागलं. सांगण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय होतं? खांब. कुठल्या पेटीत पाणी गेलं, कुठल्या कॅमेऱ्यासमोर पक्ष्यानं घरटं बांधलं, मोठ्या बाई कोणावर चिडल्या. तुम्ही फक्त सुरुवातीला म्हणायचात, "थांब हं, लावते कानाला." मला वाटायचं, त्यानंतर तुमचं लक्ष नसेल. दादा गेल्यावर मी नऊ दिवस घरी होतो. पाचव्या दिवशी, चहा गाळताना, माझ्याकडे न बघता तुम्ही विचारलंत, "अठराव्यावरचं घरटं हलवलं का रे?" मी म्हणालो, "पिल्लं उडाल्यावर हलवू." तुम्ही म्हणालात, "बरं." तेवढंच बोलणं झालं. पण मी कप हातात घेऊन बाहेर गेलो तो तुम्ही रोज ऐकत होतात हे कळलं म्हणून, चहा गरम होता म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट लिहितो. ती तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे हे मात्र तुम्हाला माहीत नसावं. आवाज ओळखणं हे माझं कामच आहे. दादाची टिचकी उशिरा यायची. तो आधी ऐकायचा, थोडा विचार करायचा, मग मारायचा, आणि त्याचं नख जाड होतं. शेवटचे आठ दिवस टिचक्या लगेच येत होत्या आणि हलक्या होत्या. त्याच्या हातात तेव्हा जोर उरला नव्हता, हो ना? दुसऱ्या दिवशीच माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्या थांबल्या असत्या. मी पुढे बोलत राहिलो, "दादा, ऐकतोयस ना?" आणि तुम्ही दर वेळी एक टिचकी मारत राहिलात. तो ऐकत होता असं मी धरून चाललो आहे, आणि तुम्ही त्याला विचारूनच मारत असाल असंही. त्याबद्दल आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. पण वहिनी, हिशेब सरळ आहे. ते आठ दिवस मी बोलत होतो आणि उत्तर तुम्ही देत होतात. मधे कोणी नव्हतं. आपल्याला ते जमत होतं.

आता तुमचं ते वाक्य. तुम्ही लिहिलंय, "तू निघताना मी तुला विचारलं होतं, तू काही बोलला नाहीस, त्यावरून मी काय ते समजले. माझा राग नाही. तो होता तोवर होतं." वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्ही दारात खाली बसून माझ्या खोक्याला दोरी बांधत होतात. चष्मा तुम्ही सकाळपासून घातला नव्हता, डोळे सुजले होते म्हणून. खाली बघतच तुम्ही म्हणालात, "यापुढेही सातला फोन करशील ना? येशील ना अधूनमधून?" आणि मी मान हलवली. जोरात हलवली, दोनदा. तुम्ही वर पाहिलंच नाहीत. तुम्ही गाठ मारलीत आणि म्हणालात, "चल, गाडी चुकेल." परवा तुमचं पत्र वाचेपर्यंत मी उत्तर दिलं आहे असंच समजत होतो. तरीही पाच आठवडे मी फोन केला नाही. सात वाजले की फोन हातात घेऊन बसायचो. दादाच्या कानाला लावायचा नसेल तर तुम्हाला काय म्हणू, ते सुचायचं नाही. तुम्हीही तिकडे तशाच बसत असाल, तर आपण दोघं जागेच होतो, आणि होडी कोणाचीच नव्हती. बहिणीकडे जावंसं वाटत असेल तर जरूर जा, मी स्वतः पोचवायला येईन. पण कोणी उरलं नाही म्हणून जाऊ नका. खोली रिकामी करायला मी येणार नाही. राहायला येईन, येत्या शनिवारी. आणि त्याआधी, हे पत्र हातात पडेल त्या दिवसापासून रोज सात वाजता फोन वाजेल. मी अडखळेन, मधे गप्प होईन, तेव्हा एक टिचकी मारा, मी पुढे बोलेन. माळ्यावरची ती बरणी फुटली, तसं आपलं हे नातं फुटू द्यायचं नाही, म्हणून या वेळी तुला ऐकू जाईल असं लिहितो. हात सोडू नकोस, वहिनी. मी धरलं.

तुझाच,
धाकटा